फिल्टर मी कापला, खिडकी दादीने लावली

आधी कबुली देतो. चार वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात, रत्नागिरीजवळच्या आमच्या घराच्या अंगणात, मी माझ्या धाकट्या चुलतभावाच्या डिझेल पिकअपचा टर्बो बदलला. सायलेन्सरच्या लाइनमधला डीपीएफ नावाचा फिल्टर कटरने कापून काढला आणि त्या जागी सरळ पाइप वेल्ड करून घेतला. मग फणसाखाली खुर्ची टाकली, मांडीवर लॅपटॉप घेतला आणि गाडीच्या कॉम्प्युटरला यातलं काही कळू नये अशी सोय केली. माझी पदवी इंजिनीअरिंगची, नोकरी सॉफ्टवेअरची. त्या दिवशी दोन्ही कामाला आल्या.

हे आज लिहायचं कारण म्हणजे फोन. गेल्या दोन महिन्यांत सहा पोरांनी मला विचारलं, ‘भाई, डीपीएफ ऑफची फाइल मिळेल का?’ सहाही ओळखीतली, सहाही कष्टाळू. दोघं आपल्याच मोहल्ल्यातल्या गॅरेजमध्ये काम करतात, बाकीचे हप्त्यावर घेतलेली गाडी चालवतात. त्यातला एकही गुंड नाही. म्हणूनच भांडण त्यांच्याशी कमी आणि माझ्यासारख्या पदवीधरांशी जास्त आहे.

चुलतभावाची गाडी बीएस-६. रात्री मिरकरवाड्याला मासळी भरायची, पाली-साखरपा करत आंबा घाट चढायचा आणि पहाटे कोल्हापूर गाठायचं. बर्फासकट भरलेली गाडी घाटात ओढेनाशी झाली. डॅशबोर्डवर लाइट लागली, गाडी लिंप मोडला जाऊ लागली. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी स्कॅनर लावला आणि सांगितलं, डीपीएफ चोक झालाय, नवा टाका. आकडा त्याच्या चार हप्त्यांपेक्षा मोठा होता. फिल्टर का भरला, हे कोणी पाहिलं नाही, कारण स्कॅनर तेवढंच सांगतो आणि कोणी त्याला पुढचा प्रश्न विचारत नाही.

मग भावाने मला रील पाठवल्या. अमेरिकेतला कुणी टोपीवाला आपल्या घरासमोर प्रचंड रॅम पिकअप उभी करून एका दुपारी मोठा टर्बो बसवतो, चार इंची सरळ पाइप लावतो आणि ॲक्सिलरेटर दाबून काळा ढग सोडतो. त्याखाली आपल्याकडच्या ‘स्टेज टू’वाल्यांच्या जाहिराती. ‘भाई, तू इंजिनीअर आहेस ना?’ या प्रश्नाला नाही म्हणायची हिंमत आपल्यातल्या किती जणांत असते? माझ्यात नव्हती.

टर्बो घरी बदलता येतो, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. यात गूढ काही नाही. इंजिनातून बाहेर पडणारा गरम वायू एका बाजूची पाती फिरवतो, त्याच दांड्यावरची दुसऱ्या बाजूची पाती हवा दाबून इंजिनात ढकलते. छोट्या टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि एवढ्या वेगात तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. म्हणजे टर्बोचं काम हे निम्मं तेलाचं काम आहे. बॅटरी काढायची. मॅनिफोल्डच्या नटांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवायचं. आम्ही ते केलं, तरी एक स्टड तुटलाच आणि तो काढण्यात अर्धा दिवस गेला. तेलाच्या पाइपचे तांब्याचे वॉशर नवे घालायचे. तो पाइप आतून कार्बनने बुजलेला असेल तर बदलायचाच, नाहीतर नवा टर्बोही महिन्याभरात जातो आणि दोष दुकानदाराला लागतो. बसवण्याआधी टर्बोत ताजं तेल ओतून दांडा बोटाने फिरवायचा. इंजेक्टरचे कनेक्टर काढून नुसता सेल मारायचा, तेल वर पोचू द्यायचं, मगच गाडी चालू करायची. आणि गाडीखाली जायचं ते लोखंडी स्टँडवर, नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीच नाही. हे सगळं मी चाचांच्या जुन्या गोटी पान्यांच्या पेटीतून केलं. चार वर्षं कॉलेजात थर्मोडायनॅमिक्स शिकून जे कळलं नव्हतं, ते त्या दोन दिवसांत कळलं.

जुना टर्बो उतरवला तेव्हा हवेच्या होसमधून वाटीभर इंजिन ऑइल माझ्या चपलेवर सांडलं. मी ते फडक्याने पुसलं आणि पुढे गेलो. हे सांडलेलं तेल लक्षात ठेवा.

आमच्या गाडीच्या मूळ टर्बोपेक्षा एक माप मोठा कोअर आम्ही मागवला होता. तो बसला, पाइप बसला, फाइल चढली. त्या रात्री मी भावासोबत आंबा घाट चढलो. मजा आली, हे लपवणार नाही. गाडी चौथ्यात सरसर वर जात होती. भाऊ एका हाताने स्टिअरिंग धरून हसत होता. मोठ्या टर्बोमुळे वळणावर खालच्या आरपीएमला गाडी क्षणभर झोपायची आणि मग एकदम झेप घ्यायची. आम्हाला ते दोष वाटण्याऐवजी मर्दुमकी वाटली.

आता दुसरी बाजू. आमच्या घराची मागची गल्ली जेमतेम गाडीच्या रुंदीची. भाऊ सकाळी परत आला की गाडी तिथे लावतो. मीच त्याला शिकवलं होतं की लांबून आल्यावर इंजिन लगेच बंद करू नकोस, दोन मिनिटं चालू ठेव, टर्बोतलं तेल जळत नाही. तो इमानाने पाच मिनिटं ठेवायचा. त्या गल्लीत दादीच्या खोलीची खिडकी उघडते. पुढच्या सुट्टीत मी गेलो तेव्हा ती खिडकी बंद होती. मे महिना, कोकण, दुपारी अंगाची लाही होत असताना बंद. मी विचारलं. दादी म्हणाली, ‘धूळ येते.’ मी खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवलं. ती धूळ काळी आणि तेलकट होती, बोटाला चिकटली. दादीने कुणाकडे तक्रार केली नव्हती. तिला वाटलं होतं, गाड्या अशाच असतात.

‘माझी गाडी, माझी मर्जी’ म्हणणाऱ्यांना माझा एवढाच प्रश्न आहे. गाडी तुमची, हप्ता तुमचा, पाना तुमचा. धूर कोणाचा? सायलेन्सरच्या तोंडापाशी तुमची मालकी संपते. तिथून पुढे शेजाऱ्याचं नाक सुरू होतं.

डीपीएफ म्हणजे सिरॅमिकची मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी, एकआड एक भोकं बुजवलेली. वायूला भिंतीतून झिरपून जावं लागतं आणि काजळी आत अडकते. गाडी मोकळ्या रस्त्यावर चालली की फिल्टर सहाशे अंशांच्या आसपास तापतो आणि ती काजळी जळून जाते. चांगल्या स्थितीतला फिल्टर पंचाण्णव टक्क्यांहून जास्त कण अडवतो. तो काढला की हे कण थेट गल्लीत. त्यातले बरेचसे डोळ्यांना दिसतही नाहीत, त्यामुळे ‘माझी गाडी धूर टाकत नाही’ या वाक्याला काही अर्थ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलचा धूर पहिल्या गटात टाकला, म्हणजे माणसाला कर्करोग करतो हे सिद्ध झालेल्यांच्या यादीत. कशाच्या आधारावर? खाणीत, रेल्वेत, ट्रकवर वर्षानुवर्षं तो धूर ओढलेल्या कामगारांच्या अभ्यासांवर.

म्हणजे या धुराचा पहिला गिऱ्हाईक काम करणारा माणूस आहे. गॅरेजमध्ये शटर अर्धं ओढून, गाडी चालू ठेवून सायलेन्सरमागे उकिडवं बसलेलं सतरा वर्षांचं पोर आठवा. ते पोर बहुतेक वेळा आपल्याच घरातलं असतं. सच्चर समितीने २००६ मध्येच नोंदवलं होतं की मुस्लिम कामगारांत स्वयंरोजगाराचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे. गॅरेज, ट्रान्सपोर्ट, भंगार हे आपले धंदे आहेत आणि मला त्यांचा अभिमान आहे. पण मग या धंद्यांतली फुप्फुसंही आपलीच. पुण्यात एसीत बसून फाइल विकणाऱ्याची ती नाहीत.

आणि इथे मला माझ्या जातभाईंकडे, म्हणजे सॉफ्टवेअरवाल्यांकडे वळायचं आहे. कटरने पाइप कापणारा मिस्त्री एकटा काहीच करू शकत नाही. फिल्टर काढला की सेन्सर बोंब मारतो, गाडी ताकद कापते. त्या सेन्सरचं तोंड दाबणारी फाइल कोणीतरी शिकलेला माणूस बनवतो. मी बनवली होती ती दुसऱ्याच्या फाइलवरून, पण काय करतोय हे मला नीट माहीत होतं. फोक्सवॅगननेही हेच केलं. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत असं सॉफ्टवेअर होतं की चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरती गाडी सज्जन व्हायची. सप्टेंबर २०१५ मध्ये ते उघडं पडलं. कंपनीच्या एका इंजिनीअरला २०१७ मध्ये अमेरिकेत ४० महिन्यांची कैद झाली. ज्या विद्यापीठाच्या छोट्या गटाने गाड्या रस्त्यावर पळवून मोजमाप केलं आणि हा घोटाळा बाहेर यायला सुरुवात झाली, त्यात दोन भारतीय तरुण होते. त्यांच्याकडेही आपल्यासारखीच इंजिनीअरिंगची पदवी होती. त्यांनी ती मोजायला वापरली, मी झाकायला.

ज्या रॅम पिकअपच्या रील आपण बघतो, तिची हकीकतही ऐका. तिचं डिझेल इंजिन कमिन्सचं. २०१३ ते २०१९ या वर्षांतल्या सुमारे ६ लाख ३० हजार गाड्यांत फसवं सॉफ्टवेअर असल्याचा आरोप सरकारने केला आणि डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीने १६७.५ कोटी डॉलरचा दंड भरायचं मान्य केलं, चूक मात्र मान्य केली नाही. आणि घरासमोर फिल्टर कापणाऱ्या टोपीवाल्यांचं काय? अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांचा हिशेब मांडला. दहा वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपची धूर रोखणारी यंत्रणा काढली गेली होती, म्हणजे अशा गाड्यांतल्या साधारण १५ टक्के. या गाड्या त्यांच्या आयुष्यभरात ५ लाख ७० हजार टनांहून जास्त जादा नायट्रोजन ऑक्साइड सोडतील, असा अंदाज होता. न छेडलेल्या ९० लाख पिकअप नव्याने रस्त्यावर आणल्यावर जेवढा बोजा पडेल, तेवढा. काळा ढग सोडणाऱ्या त्या रीलमागे हा आकडा आहे.

‘कंपन्या चोर आहेत, मग आमच्याच मागे का?’ हा युक्तिवाद मला पूर्ण मान्य आहे, अर्ध्यापर्यंत. कंपन्या दुरुस्तीची माहिती बाहेरच्या मिस्त्रीला देत नाहीत. सर्व्हिस सेंटर दोष शोधण्याऐवजी अख्खा पार्ट बदलायला सांगतं. पीयूसीच्या यंत्राला डिझेल गाडीच्या धुराचा गडदपणा तेवढा कळतो, नायट्रोजन ऑक्साइड कळतच नाहीत, आणि काही ठिकाणी तर यंत्राला गाडीही दिसत नाही, कागद मात्र मिळतो. या सगळ्यावर रागवा, अर्ज करा, भांडा, मी सोबत आहे. पण कंपनीचा सूड दादीच्या खिडकीवर उगवायचा, हा कुठला हिशेब?

कायद्याचंही थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ नोंदीशी न जुळणारा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला अशा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला आणि सर्व्हेअरने कापलेला पाइप पाहिला तर विम्याचा क्लेम अडू शकतो. नाक्यावर आपल्या पोरांना नाव सांगितल्यावर जरा जास्त वेळ थांबावं लागतं, हेही तुम्हाला माहीत आहे. पण या भीतीपोटी फिल्टर ठेवा, असं मी म्हणणार नाही. भीतीने पाळलेला नियम नाका ओलांडला की सुटतो. आणि माझ्या भावाला तर चार वर्षांत एकदाही कुणी पकडलं नाही.

आता ते सांडलेलं तेल. खिडकीची चौकट पाहून मी पुण्याला परतलो आणि एका रात्री जुने फोटो चाळताना ते वाटीभर तेल दिसलं. जुन्या टर्बोचं सील गेलं होतं. तेल एका बाजूने हवेत आणि दुसऱ्या बाजूने सायलेन्सरमध्ये जात होतं. काजळी जळून जाते, पण इंजिन ऑइलची राख जळत नाही, ती फिल्टरमध्ये कायमची बसते. त्यात बंदरावर नंबर लागेपर्यंत तासतासभर इंजिन चालू ठेवायची सवय, म्हणजे काजळी जळायलाही उष्णता मिळत नव्हती. त्यात भाऊ स्वस्त पडतं म्हणून बीएस-६ साठी नसलेलं तेल टाकत होता, ज्याची राख जास्त होते. म्हणजे फिल्टर आजारी नव्हता, टर्बो आजारी होता आणि फिल्टर ते ओरडून सांगत होता. आम्ही टर्बो बदलला, म्हणजे इलाज झालाच होता. नंतर विनाकारण साक्षीदाराचा गळा कापला.

फिल्टर माळ्यावर पडून होता. भंगारवाला आतल्या मौल्यवान धातूसाठी त्याचे चांगले पैसे देत होता, भाऊ मला विचारून विकणार होता आणि मी चालढकल केली, हे नशीब. कोल्हापूरला एकाकडे तो राख काढून साफ करून घेतला. नेताना आणि आणताना काट्यावर ठेवला, वजनातला फरक बघून भाऊ गप्प झाला. कापलेल्या टोकांना फ्लँज लावून तो परत बसवला. टर्बोचा कोअर कंपनीच्या मूळ मापाचा घातला. इंटरकूलर उतरवून त्यात साचलेलं तेल काढून टाकलं. हे विसरू नका, ते तेल इंजिनाने ओढलं तर चावी काढूनही इंजिन बंद होत नाही, स्वतःचं तेल जाळत वेड्यासारखं पळतं. बीएस-६ चं कमी राखेचं तेल टाकलं. मूळ फाइल मी जपून ठेवली होती, तेवढी अक्कल शिल्लक होती, ती परत चढवली. एकूण खर्च सर्व्हिस सेंटरच्या आकड्याच्या निम्म्याहून कमी आला. तो मी दिला, कारण कापला मी होता.

गाडी कापलेली असताना जेवढी ओढायची तेवढी आता ओढत नाही. खोटं कशाला सांगू? सरळ पाइपने टर्बोमागचा दाब कमी होतो आणि ताकद थोडी वाढते, हे खरं आहे. पण तेव्हाची बरीचशी ताकद फाइलने ओतलेल्या जादा डिझेलची होती. तीच ताकद धुराचं तापमान चढवते आणि एक दिवस पिस्टन वितळवते. आता आंबा घाटात तिसरा टाकावा लागतो. वळणावर मात्र गाडी झोपत नाही, कारण टर्बो योग्य मापाचा आहे. कोल्हापूर दहा-बारा मिनिटं उशिरा येतं. व्यापारी अजून तरी त्यावरून बोललेला नाही.

दादी खिडकी आता उघडी ठेवते, पण पहाटे गाडी गल्लीत वळल्याचा आवाज आला की अजूनही उठून लावून घेते.

परवा सातवा फोन आला. चिपळूणचा मुलगा, आंब्याची भाडी करतो, तीच तक्रार, तीच लाइट. मी म्हटलं, ‘फाइल देणार नाही. रविवारी गाडी घेऊन ये, पाना माझा, मेहनत माझी. आधी टर्बोचा होस काढून बघू, तेल आहे का ते. फिल्टर साफ करणाऱ्याचा नंबर देतो.’ तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘भाई, दुसरीकडे दोन तासांत होतं.’

रविवारी मी अकरापर्यंत वाट पाहिली. पेटी अजून अंगणातच आहे.